मृत्यूची वेळ सांगणाऱ्या माश्या

पावसाळ्याच्या तोंडावर शहरातील बहुतेक सोसायट्यांमध्ये एक प्रसंग हमखास घडतो. जिन्याखालच्या अडगळीत, पाण्याच्या टाकीमागे किंवा पोटमाळ्यावर कुठेतरी एखादा उंदीर किंवा घूस मरून पडते. पहिल्या दिवशी ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या दिवशी वास येऊ लागतो, तिसऱ्या दिवशी सचिवांकडे तक्रार जाते आणि मग शोधाशोध सुरू होते. पण या सगळ्याच्या कितीतरी आधी, माणसाच्या नाकाला गंधवार्ताही नसताना, खिडकीच्या काचेवर एखादी चकचकीत हिरवी माशी भणभणू लागलेली असते. तिला बातमी आधीच पोहोचलेली असते.

‘माश्या फार झाल्या’ असे म्हणून आपण फिनेलची बाटली शोधू लागतो. मात्र ती माशी कोणत्या जातीची आहे, तिची अळी किती वाढली आहे आणि वर्षाच्या कोणत्या ऋतूत हे घडते आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतात, तो तो प्राणी केव्हा मेला हे बऱ्याच अचूकपणे सांगू शकतो. मृत प्राणी उंदीर असेल तर या माहितीला फारसे मोल नाही. तो माणूस असेल तर या उत्तरांवर खटल्याचा निकाल अवलंबून राहू शकतो. विषय किळसवाणा आहे हे मान्यच आहे, आणि सकाळच्या चहाबरोबर हा मजकूर वाचणाऱ्यांची आधीच क्षमा मागितलेली बरी. पण किळस बाजूला ठेवून पाहिले, तर निसर्गातील एक अत्यंत काटेकोर व्यवस्था येथे दिसते.

सडक्या मांसात अळ्या आपोआप निर्माण होतात, अशी समजूत माणसाने हजारो वर्षे बाळगली. आपल्याकडील जुन्या वर्गीकरणात अंडज, जरायुज आणि उद्भिज्ज यांच्या जोडीला ‘स्वेदज’ असा एक वर्ग होता. उष्णता आणि ओलावा यांपासून जन्मणारे क्षुद्र जीव त्यात घातले जात. युरोपातही निराळी स्थिती नव्हती. इटलीतील वैद्य फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही भांड्यांतील मांस त्यांनी उघडे ठेवले, काहींची तोंडे बंद केली किंवा त्यांवर बारीक जाळीचे कापड बांधले. उघड्या मांसात अळ्या पडल्या. झाकलेल्या मांसात पडल्या नाहीत. अळी मांसातून जन्मत नाही, माशीच्या अंड्यातून जन्मते, हे सिद्ध झाले. पुढे वनस्पती व प्राणी यांच्या नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने लिहून ठेवले की, तीन माश्या आणि त्यांची संतती घोड्याचे कलेवर सिंहाइतक्याच वेगाने फस्त करू शकतात. यात अतिशयोक्ती फारशी नाही.

आता या माश्या ओळखायच्या कशा? घरात सर्वांत जास्त दिसणारी घरमाशी येथे फारशी महत्त्वाची नाही. तिचा रंग राखाडी, आकार लहान आणि पाठीवर चार गडद उभ्या रेघा. उकिरडा, शेण, उरलेले अन्न हे तिचे क्षेत्र. मृतदेहावर ती येते, पण रेंगाळत येते. गुरांना चावून रक्त शोषणारी गोमाशीही वेगळी. मृतदेहावर पहिला हक्क सांगणाऱ्या माश्या प्रामुख्याने दोन कुळांतील असतात. एक कुळ धातूसारख्या चकाकणाऱ्या हिरव्या-निळ्या माश्यांचे, म्हणजे कॅलिफोरिडी. दुसरे राखाडी ‘मांसमाश्यां’चे, सार्कोफॅजिडी.

चकाकणाऱ्या माश्यांमध्ये आपल्याकडे सर्वांत सहज भेटणारी जात म्हणजे क्रायसोमाया मेगासेफाला. ‘मेगासेफाला’चा अर्थच ‘मोठ्या डोक्याची’. घरमाशीच्या जवळजवळ दुप्पट वाटावी अशी धष्टपुष्ट, निळसर हिरवी, पोटावर आडवे गडद पट्टे आणि चेहऱ्याचा बहुतेक भाग व्यापणारे विटकरी लाल डोळे. गाल नारिंगी. नराचा डोळा भिंगाखाली पाहिला तर एक गंमत दिसते: डोळ्याच्या वरच्या भागातील पैलू मोठे आणि खालचे लहान असतात, आणि त्यांच्या मधली सीमा आखून दिल्यासारखी स्पष्ट असते. मच्छी बाजार, कत्तलखाना, उघडी गटारे आणि शौचाच्या जागा येथे ती बाराही महिने सापडते. हीच माशी पुढच्या क्षणी आपल्या फळांच्या फोडींवर येऊन बसते, आणि अतिसार, आमांश यांच्या जंतूंची ने-आण करणाऱ्यांत तिची गणना होते ती यामुळेच.

तिची भाऊबंद क्रायसोमाया रूफिफेसीज, म्हणजे ‘तांबड्या तोंडाची’. दोघी इतक्या सारख्या की नवख्याची फसगत ठरलेली. ओळखण्याची एक खूण छातीच्या बाजूला असते. तेथील पुढचे श्वसनछिद्र मेगासेफालामध्ये गडद तपकिरी, तर रूफिफेसीजमध्ये पांढुरके असते. अळीच्या बाबतीत मात्र घोटाळ्याला जागा नाही. रूफिफेसीजच्या वाढलेल्या अळीच्या अंगावर मांसल काट्यांच्या रांगा असतात. गुळगुळीत अळ्यांच्या घोळक्यात ही काटेरी अळी चटकन उठून दिसते. तिचा स्वभावही तसाच. ही माशी सहसा थोडी मागाहून येते आणि तिच्या अळ्या मृत मांसाबरोबर आधी आलेल्या माश्यांच्या अळ्याही खातात. तपास करणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट साधी नाही. पहिल्या माशीच्या अळ्या हा घड्याळाचा मुख्य काटा; तोच काटा दुसरीने गिळून टाकला, तर मृत्यू प्रत्यक्षाहून अलीकडे झाल्याचा भास होऊ शकतो. या जातीचे आणखी एक वैचित्र्य असे की, एका मादीला एकतर सगळ्या मुलीच होतात किंवा सगळे मुलगेच.

तिसरी हिरवी माशी ल्युसिलिया. ही क्रायसोमायापेक्षा सडपातळ, रंगाने अधिक उजळ हिरवी, कधी तांब्याची झाक असलेली. तिच्या पाठीवर ताठ, ठळक केसांच्या ओळी असतात. क्रायसोमायाची पाठ तुलनेने बोडकी दिसते. हिच्याच एका जातीच्या, ल्युसिलिया सेरिकाटाच्या, निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या अळ्या चिघळलेल्या जखमा साफ करण्यासाठी वापरल्या जातात आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्याला परवानगी दिली. त्या अळ्या मेलेले मांस खातात, जिवंत मांस सोडून देतात. याच्या नेमकी उलट सवय क्रायसोमाया बेझियाना या माशीची. तिच्या अळ्या फक्त जिवंत प्राण्याच्या जखमेतच वाढतात. गुरांच्या जखमेत ‘किडे पडले’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा अनेकदा ही माशी कारणीभूत असते. दिसायला मात्र ती मेगासेफालाची जुळी बहीण वाटावी अशी. ओळख चुकली की सगळा अर्थच बदलतो, तो असा.

मांसमाशी ओळखायला पाठीवरील रेघा मोजाव्यात: घरमाशीच्या चार, हिच्या तीन. पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-राखाडी नक्षी, डोळे लाल. कुळ ओळखणे इतके सोपे, पण जात ओळखणे तितकेच अवघड. बहुतेक वेळा नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय तज्ज्ञही बोलत नाहीत. हिचे वैशिष्ट्य म्हणजे ती अंडी घालत नाही, थेट इवल्याशा जिवंत अळ्या सोडते. म्हणजे घड्याळाचा पहिला तास येथे वगळलेला असतो. हे ध्यानात न घेता हिशेब केला तर तो कित्येक तासांनी चुकतो.

यांच्यानंतर येणारी मंडळी आहेत. देह सुकू लागला की टुणकन उडी मारणाऱ्या अळ्यांची पायोफिला येते, काळी चकचकीत हायड्रोटिया येते, फटीतून आत शिरणाऱ्या चिमुकल्या फोरिड माश्या येतात आणि सरतेशेवटी कातडी व हाडे कुरतडणारे भुंगे. हा क्रम फ्रान्समधील लष्करी पशुवैद्य जाँ पिएर मेन्यां यांनी १८९४ च्या आपल्या ग्रंथात पहिल्यांदा सविस्तर मांडला. पण पहिल्या काही दिवसांचा हिशेब हिरव्या-निळ्या माश्याच सांगतात, म्हणून त्यांचे जीवनचक्र थोडे जवळून पाहिले पाहिजे.

मृत्यूनंतर काही मिनिटांतही माशी येऊ शकते. मादी डोळे, नाक, तोंड किंवा जखम अशी ओलसर, सावलीची जागा निवडते आणि तांदळाच्या बारीक कणीसारख्या पांढऱ्या अंड्यांचा पुंजका घालते. मेगासेफालाच्या एका पुंजक्यात दोनशेच्या आसपास किंवा अधिकही अंडी असतात. साधारण २७ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात. अळी दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात. कोणती अवस्था चालू आहे हे तिच्या शेपटाकडील श्वसनछिद्रांवरून कळते: दुसऱ्या अवस्थेत प्रत्येक छिद्रात दोन फटी, तिसऱ्या अवस्थेत तीन. चार-पाच दिवसांत पोट भरले की अळी अन्न सोडते आणि अंधारी, कोरडी जागा शोधत सरपटत निघते. मातीत, सतरंजीखाली, फरशीच्या भेगेत शिरते आणि तिथे तिच्या कातडीचाच तपकिरी कोष बनतो. आणखी चार-पाच दिवसांनी कोषाचे टोपण उघडून माशी बाहेर येते. म्हणजे मुंबईच्या हवेत नऊ-दहा दिवसांत एक पिढी पूर्ण.

हे आकडे तापमानावर किती अवलंबून आहेत, हे समजले की ऋतूचे महत्त्व कळते. कीटकांचे रक्त थंड. बाहेर जितकी ऊब, तितकी वाढ. शास्त्रज्ञ याचा हिशेब ‘अंश-दिवसां’त मांडतात. उदाहरणादाखल समजा, एखाद्या माशीची वाढ १० अंशांखाली थांबते. हवेचे तापमान २८ अंश असेल, तर तिला दिवसाला १८ अंश-दिवस मिळतात. १९ अंश असेल तर फक्त ९. म्हणजे त्याच मापाची अळी ऑक्टोबरच्या उकाड्यात चार दिवसांची असेल, तर थंडीतील पुण्यात ती आठ दिवसांची असू शकते. अळी बदललेली नाही, महिना बदलला आहे. त्यात अळ्यांचा मोठा घोळका एकत्र खात असेल तर घर्षणाने आणि चयापचयाने त्या स्वतःच उष्णता निर्माण करतात. घोळक्याच्या आतले तापमान भोवतालच्या हवेपेक्षा दहा-वीस अंशांनी चढलेले आढळते. नुसता हवेचा पारा पाहून भागत नाही.

आपल्याकडील वर्षाचे चित्र ढोबळमानाने असे दिसते. वैशाखात माश्या नसतात असे नाही, पण कडक उन्हात कलेवर लवकर वाळते, कातडी चामड्यासारखी ताठ होते आणि अळ्यांना खायला ओले मांस उरत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे विशेष जाणवते. मृगाचा पाऊस पडला, हवेत दमटपणा आला की माश्यांची संख्या झपाट्याने वाढते. तरीही मुसळधार पावसात त्या उडत नाहीत आणि उघड्यावरची अंडी वाहून जातात. मांसमाशी त्या मानाने चिवट. भिजऱ्या हवेतही ती बाहेर पडलेली आढळते. श्रावणातल्या ऊनपावसापासून आश्विनातल्या उकाड्यापर्यंतचा काळ हा या सगळ्यांचा सुगीचा हंगाम. पौष-माघात घाटावर रात्री थंड होतात, तेव्हा मेगासेफाला आणि रूफिफेसीज मंदावतात. किनारपट्टीवर मात्र त्यांचे बरे चाललेले असते. दिवस-रात्रीचा फरकही मोठा आहे. अंधार पडल्यावर या माश्या सहसा अंडी घालत नाहीत. क्वचित घातल्याची उदाहरणे प्रयोगांत आढळली आहेत, पण नियम तो नव्हे. रात्री नऊला मेलेल्या प्राण्यावर पहिले अंडे उजाडल्यावरच पडण्याचा संभव अधिक.

उत्तरेकडे याच कथेत एक वेगळे पात्र आहे. कॅलिफोरा व्हिसिना ही गडद निळी, अंगावर राखाडी लव असलेली थंडीची माशी. युरोपात ती सर्वत्र आहे. भारतात ती पहाडी प्रदेशात आणि उत्तरेच्या मैदानांत थंडीच्या दिवसांत भेटते. मुंबई-ठाण्यात ती अपेक्षित नाही. उद्या मुंबईत सापडलेल्या मृतदेहावर हिचे कोष मिळाले, तर तो देह दुसरीकडून आणला गेला असावा असा संशय घेण्यास जागा राहील. माशी अशा रीतीने वेळेबरोबर स्थळही सांगू शकते.

या माश्यांच्या सवयींची झळ आणि लाभ दोन्ही आपल्या किनाऱ्याला पोहोचतात. बांबूच्या मांडणीवर बोंबील वाळत घातलेले असताना आभाळ भरून आले, की कोळी स्त्रियांची धांदल उडते ती केवळ भिजण्याच्या भीतीने नव्हे. ओलसर राहिलेल्या मासळीवर मेगासेफाला अंडी घालते आणि दोन दिवसांत सगळा माल हातचा जातो. मीठ नीट लावलेली, लवकर वाळलेली मासळी वाचते. हीच माशी थंडीत आंब्याच्या बागेत मात्र पाहुणी म्हणून येते. आंब्याचा मोहोर लहान, उघडा आणि थोड्याशा मधुरसाचा. मधमाश्यांना त्याचे फारसे आकर्षण नसते. माश्या मात्र तो चाटायला झुंबड करतात, आणि आंब्याच्या परागीभवनात क्रायसोमायाचा वाटा महत्त्वाचा आहे असे अभ्यासकांचे मत आहे. मेलेल्या कुत्र्यावर बसणारी माशी आणि हापूसच्या मोहोरावर बसणारी माशी एकच, ही कल्पना आंबा खाताना मनातून काढून टाकलेली बरी!

पूर्वी या माश्यांना गिधाडांशी स्पर्धा करावी लागे. गिधाडांचा थवा गुराचे कलेवर थोड्याच वेळात साफ करी, अळ्यांना वाढायला दिवसच मिळत नसत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडांचा जवळजवळ निर्वंश केला. त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर गावकुसाबाहेरची मेलेली गुरे कुत्र्यांच्या आणि माश्यांच्या वाट्याला आलेली होती.

आता न्यायालयाकडे वळू. माशीने गुन्हा उघड केल्याची सर्वांत जुनी नोंद चीनमधील आहे. तेराव्या शतकातील न्यायाधिकारी सुंग त्झ यांच्या १२४७ च्या ग्रंथात ती कथा येते. एका गावात विळ्याने खून झाला. चौकशी अधिकाऱ्याने सर्वांना आपापले विळे जमिनीवर मांडायला सांगितले. धुतलेल्या विळ्यांपैकी एकावरच माश्या जमू लागल्या आणि त्या विळ्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला.

आधुनिक काळातील सर्वांत गाजलेल्या प्रकरणाचा धागा मात्र मुंबईशी जुळतो. १८९९ मध्ये मुंबईत एका पारशी कुटुंबात जन्मलेला आणि येथेच वैद्यकीय शिक्षण घेतलेला बुख्त्यार हकीम इंग्लंडला गेला, त्याने बक रक्स्टन असे नाव घेतले आणि लँकेस्टर येथे डॉक्टर म्हणून जम बसवला. १९३५ च्या सप्टेंबरच्या मध्यास त्याची सहचरी आणि घरातील मुलांची दाई या दोघी नाहीशा झाल्या. २९ सप्टेंबर रोजी सुमारे शंभर मैलांवर, स्कॉटलंडमधील मॉफटजवळच्या एका ओढ्यात कागद-कापडात बांधलेले मानवी अवयवांचे तुकडे सापडले. ओळख पटू नये म्हणून डॉक्टरी हाताने सर्व काळजी घेतली होती. अळ्यांचा विचार मात्र त्याने केला नव्हता. ग्लासगो विद्यापीठातील डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी त्या अळ्या कॅलिफोरा व्हिसिनाच्या असल्याचे ओळखले आणि त्यांचे वय १२ ते १४ दिवस ठरवले. म्हणजे तुकडे १५-१७ सप्टेंबरच्या सुमारास तेथे पडले होते. बोटांचे ठसे, छायाचित्रांवर जुळवलेल्या कवट्या, आणि लँकेस्टर परिसरापुरत्याच निघालेल्या एका वृत्तपत्राच्या विशेष आवृत्तीचा गुंडाळलेला कागद असे इतर पुरावे होतेच; अळ्यांनी तारखेचा दुवा पक्का केला. १२ मे १९३६ रोजी रक्स्टनला मँचेस्टर येथे फाशी देण्यात आली.

या प्रकरणातून एक गोष्ट मनात घोळत राहते. स्कॉटलंडच्या थंड सप्टेंबरमध्ये तेरा दिवसांनंतरही तेथे अळ्याच होत्या. हेच तुकडे त्याच तारखेला ठाण्याच्या एखाद्या ओढ्यात पडले असते, तर तेराव्या दिवशी तेथे रिकामे कोष मिळाले असते आणि माश्या उडून गेलेल्या असत्या. परदेशी पुस्तकातील तक्ता उघडून आपल्याकडील मृत्यूची वेळ काढणे किती धोक्याचे आहे, ते यावरून समजावे.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण हवाई बेटांचे, कारण तेथेही मेगासेफाला आणि रूफिफेसीज याच जाती आहेत. (१९७० च्या दशकात त्या अमेरिका खंडातही पोहोचल्या.) तेथील कीटकतज्ज्ञ ली गॉफ यांच्यासमोर ब्लँकेटांत घट्ट गुंडाळलेल्या एका स्त्रीचा मृतदेह आला. कीटकांवरून काळ निघाला साडेदहा दिवसांचा, पण ती शेवटची दिसली होती तेरा दिवसांपूर्वी. मधले अडीच दिवस कुठे गेले? गॉफ यांनी एक मेलेले डुक्कर तसेच ब्लँकेटांत गुंडाळून आपल्या घरामागे ठेवले आणि वाट पाहिली. माश्यांना गुंडाळीच्या आत पोहोचायला अडीच दिवस लागले. हिशेब जुळला. माशी मृत्यूची वेळ सांगते, असे मथळ्यात म्हटले असले तरी काटेकोर भाषेत ती फक्त आपण स्वतः केव्हा पोहोचलो तेवढेच सांगते. त्यापुढचे तपास करणाऱ्याने शोधायचे असते. बंद खोली, गाडीची डिकी, जमिनीत पुरलेला देह, अंगावर शिंपडलेले कीटकनाशक, या प्रत्येक ठिकाणी उशीर निराळा.

कधी माशी नसणे हाच पुरावा ठरतो. अमेरिकेतील लास व्हेगास येथे ८ जुलै २००१ च्या रात्री उघड्यावर एका बेघर माणसाचा मृतदेह सापडला. एका तरुणीला या खुनासाठी शिक्षा झाली. त्या दिवशी खून पहाटेच्या सुमारास झाला असावा हे गृहीत धरल्याशिवाय तिच्याविरुद्धचा आरोप टिकत नव्हता, कारण नंतरच्या वेळी ती शेकडो किलोमीटर दूर असल्याचे साक्षीदार होते. पुढे कीटकतज्ज्ञांनी मृतदेहाची छायाचित्रे आणि नोंदी तपासल्या. माश्यांच्या अंड्यांचा कुठेही मागमूस नव्हता. वाळवंटातील जुलैच्या दिवसभर जखमांनी भरलेला देह उघडा पडला असता, तर तो अंड्यांनी पांढरा झाला असता. म्हणजे मृत्यू सूर्यास्तानंतरचा, असे त्यांनी सांगितले. २०१७ च्या अखेरीस न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तोवर तिची तरुणपणाची वर्षे सरली होती.

आपल्याकडे या विद्येचा पाया नव्हता असे नाही. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत हिरव्या-निळ्या माश्यांवरचा स्वतंत्र खंड १९४० मध्येच प्रसिद्ध झाला. त्याच्या तीन लेखकांपैकी सीनियर-व्हाइट हे बंगाल-नागपूर रेल्वेचे मलेरियातज्ज्ञ होते. डासांच्या नोकरीत असताना माश्यांचा असा छंद जोपासणारी माणसे आता दुर्मीळ. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातील मीनाक्षी भारती आणि देविंदर सिंग यांनी सशांच्या कलेवरांवर वेगवेगळ्या ऋतूंत येणाऱ्या कीटकांचा क्रम नोंदवून २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पण पंजाबचा माघ आणि रत्नागिरीचा माघ एक नव्हे. कोकण, घाटमाथा, देश आणि विदर्भ या प्रत्येकाचा स्वतःचा तक्ता हवा, महिनेवार, तापमानासह. हे काम खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे, आणि बहुधा म्हणूनच ते मागे पडत असावे.

कायद्याने दार उघडे ठेवले आहे. तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरण्याची तरतूद पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे. त्याच दिवशी अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत असे म्हटले असून, त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. मात्र घटनास्थळी पोहोचलेल्या माणसाला काय उचलायचे हे माहीत हवे. शवविच्छेदनाच्या टेबलावर पाण्याच्या पहिल्या फवाऱ्यासरशी हा सगळा पुरावा मोरीत वाहून जाऊ शकतो.

उचलण्याची रीत अवघड नाही. सर्वांत मोठ्या अळ्या आधी शोधायच्या, कारण त्या सर्वांत आधी आलेल्या. त्यांतील निम्म्या गरम पाण्यात टाकून मग अल्कोहोलमध्ये जपायच्या, म्हणजे त्यांचे वय जिथल्या तिथे थांबते. नुसत्या अल्कोहोलमध्ये टाकल्या तर त्या आक्रसतात आणि लांबीचा हिशेब चुकतो. उरलेल्या निम्म्या जिवंत ठेवून, मांसाच्या तुकड्यावर वाढवून माशी बाहेर येईपर्यंत थांबायचे, कारण अळीपेक्षा माशीची जात ओळखणे सोपे. देहाखालची आणि भोवतालची माती चाळून कोष गोळा करायचे. हवेचे, मातीचे आणि अळ्यांच्या घोळक्याचे तापमान वेगवेगळे लिहायचे आणि जवळच्या हवामान केंद्रातून मागील दिवसांच्या नोंदी मागवायच्या.

सोसायटीच्या जिन्याखाली मेलेल्या उंदराचा तपास करणाऱ्यांना एवढे करण्याची गरज नाही. तेथे अडगळ हलवताना कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, गडद तपकिरी, पोकळ कण दिसले, तर पुष्कळजण त्यांना उंदराच्या लेंड्या समजून झाडून टाकतात. एक कण उचलून पाहावा. एका टोकाचे टोपण उघडलेले असेल, तर तो रिकामा कोष आहे. पावसाळ्याचे दिवस असतील तर उंदीर मरून किमान नऊ-दहा दिवस झालेले आहेत, आणि काचेवर भणभणणारी ती हिरवी माशी बाहेरून आत आलेली नसून आतून बाहेर जाण्याची वाट शोधते आहे.